विसाव्याचा आठवडा

आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटरांची वाट चालते. पुणे सोडून, दिवे घाट चढून सासवड गाठावयाचे, हा त्या वाटेवरील मोठ्या कष्टाचा टप्पा. तो पार पडला की सासवडला बहुधा दोन रात्रींचा मुक्काम असतो. हा मुक्काम वारकऱ्यांचे पाय दुखू लागले म्हणून ऐन वेळी ठरत नाही. प्रस्थानापूर्वीच तो वेळापत्रकात लिहिलेला असतो. विसावा कधी घ्यावयाचा हे दमण्याच्या आधी ठरवावे, हे शहाणपण वारीत मुरलेले आहे. आजच्या विषयाचे सार मला याच एका गोष्टीत दिसते.

विषय लांब पल्ल्याच्या धावण्याचा आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आणि त्यानंतर आपल्या उपनगरांतून पहाटे धावणारी माणसे वाढत गेली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर, आरे वसाहतीच्या रस्त्यांवर, पवईच्या तलावाकाठी ती उजाडण्यापूर्वी दिसतात. यांतील बहुतेक कोणी खेळाडू नव्हेत; धावून झाले की आंघोळ उरकून लोकल गाठावयाची असते. यांचे नुकसान आळसाने क्वचित होते. उत्साहानेच बहुधा होते. दोन महिने अंतर वाढवीत न्यावयाचे, प्रकृती उत्तम वाटत असावी, आणि एके दिवशी नडगीत अशी कळ यावी की स्टेशनचा जिनाही उतरवू नये. मग दोन-तीन महिने घरी बसणे आले. असे का होते?

आपली समजूत अशी असते की धावल्याने शरीर बळकट होते. ती अर्धीच खरी आहे. धावल्याने शरीर तात्पुरते दुबळे होते. स्नायूंचे सूक्ष्म तंतू तुटतात, त्यांतील साखरेचा साठा संपतो. बळकटी येते ती नंतरच्या दुरुस्तीत. इमारतीचा स्लॅब टाकल्यावर कित्येक दिवस त्यावर पाणी मारतात. त्या दिवसांत वर काही घडत नाही असे पाहणाऱ्यास वाटते. पण सिमेंट बळ धरते ते याच दिवसांत. घाईने सेंटरिंग काढून वर भार टाकला, तर दोष सिमेंटचा नव्हे.

यात आणखी एक गोम आहे. शरीराचे सगळे भाग एकाच गतीने दुरुस्त होत नाहीत. स्नायूंतील साखर एक-दोन दिवसांत भरून येते. रक्तातील द्रवभाग आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो, म्हणून दम लवकर सुधारतो. स्नायुबंध आणि हाडे मात्र सावकाश चालतात. हाडावर नवा भार आला की शरीर प्रथम जुना भाग पोखरून काढते; या कामास दोन-तीन आठवडे लागतात. त्या पोकळीत नवे हाड भरून घट्ट होण्यास त्यापुढे काही महिने जातात. म्हणजे भार वाढविल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाचा दम उत्तम असतो आणि त्याच वेळी हाड काहीसे कच्चे असते. मन म्हणते, आणखी धाव. हाडाला त्याच वेळी उसंत हवी असते. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने कवायत करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन लिहून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले, की त्या पायांच्या हाडांना बारीक चिरा पडलेल्या असतात. नव्या रंगरुटांत हे दुखणे आजही आढळते.

यावर उपाय साधा आहे. तीन आठवडे अंतर थोडे थोडे वाढवावे आणि चौथा आठवडा हलका ठेवावा. समजा, आठवड्याचे अंतर ३०, ३३, ३६ किलोमीटर असे वाढले; तर चौथ्या आठवड्यात ते २५ वर आणावे आणि पाचवा पुन्हा ३५ पासून सुरू करावा. रविवारची लांब धाव १८ किलोमीटरांची असेल, तर त्या आठवड्यात १२ पुरे. धावण्याचे वार शक्यतो तेच ठेवावेत, म्हणजे सवय मोडत नाही. अंतर तेवढे कमी करावे. वाचलेला वेळ झोपेला द्यावा. हलक्या आठवड्यात राहिलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात ‘भरून काढणे’ म्हणजे उपवास सोडताना दुप्पट जेवणे होय.

चौथाच आठवडा का? याला शास्त्राचा काटेकोर नियम नाही. हा पुष्कळ प्रशिक्षकांच्या अनुभवाचा ठोकताळा आहे. पन्नाशी ओलांडलेल्याने किंवा नवशिक्याने दोन आठवड्यांनंतरच तिसरा हलका घ्यावा. सकाळची नाडी नेहमीपेक्षा पाच-सात ठोक्यांनी जलद लागू लागली, झोप लागेनाशी झाली, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होऊ लागली, तर ठरलेल्या वेळेचीही वाट पाहू नये.

आपल्याकडे याला एक जोड द्यावी लागते. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. ते उभ्याने, गर्दीत, रोज दोनदा कापणाऱ्याच्या पायांवरचा भार कोणत्याही परदेशी पुस्तकातील तक्त्यात धरलेला नसतो. ऑक्टोबरची दमट उष्णताही त्यात नसते. शरीराचा हिशेब मात्र एकच असतो. धावण्याचा शीण एका खात्यावर आणि लोकलचा दुसऱ्या, असे ते करीत नाही.

मॅरेथॉन जानेवारीत असते. तयारी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होते. या काळात हलके आठवडे कोठे घालावेत, याचे उत्तर पंचांगात तयार आहे. गणेशचतुर्थीपासून घटस्थापनेपर्यंत, मधे अधिक मास न आल्यास, सुमारे सत्तावीस दिवस जातात. घटस्थापनेपासून धनत्रयोदशीपर्यंत पुन्हा तितकेच. चार आठवड्यांना एकच दिवस कमी! घरी गणपती असताना, नवरात्राचे जागरण असताना, फराळ आणि पाहुणे असताना तसेही कोणाचे मन लांब धावण्यात नसते. ते आठवडे चोरट्या अपराधी भावनेने गमावण्यापेक्षा आधीच विसाव्याचे म्हणून लिहून टाकावेत. पुढचा मार्गशीर्ष लागण्याच्या सुमारास घ्यावा, आणि शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे उतरत्या अंतराचे ठेवावेत.

लिहून टाकावेत, यावर माझा भर आहे. कारण ज्या आठवड्यात विसावा सर्वांत आवश्यक असतो, त्याच आठवड्यात आपण सर्वांत जोमात असल्याचा भास होतो. तेव्हा घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरावर आजच, ताज्या पायांनी आणि शांत डोक्याने, ते आठवडे खुणेने वेगळे करावेत. सासवडला थांबलेली पालखी वाट चुकलेली नसते. ती पंढरीलाच निघालेली असते, आणि ठरल्या दिवशी तेथे पोचते.