आपली जमीन समुद्रात बुडेल काय?

हिंगोली जिल्ह्यात अधूनमधून भूकंपाचे धक्के बसतात. 10 जुलै 2024 रोजी सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. त्याचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात होते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे गावात तर जमिनीतून आवाज येतात. अशा वेळी मनात शंका येते. जमीन खाली चालली की काय? एके दिवशी सगळे समुद्रात बुडेल की काय?

तसे होणार नाही. का होणार नाही, ते पाहू.

नारळाला जशी करवंटी, तसे पृथ्वीला दगडाचे कवच असते. त्याला भूकवच म्हणतात. हे कवच दोन प्रकारचे आहे. एक समुद्राच्या तळाचे. दुसरे आपल्या जमिनीचे.

समुद्रतळाचे कवच पातळ असते. त्याची जाडी सुमारे 7 किलोमीटर. ते काळ्या, जड दगडाचे असते. जमिनीचे कवच जाड असते. ते साधारण 35 ते 40 किलोमीटर भरते. त्यात फिकट रंगाचा, हलका दगड जास्त असतो.

हलका म्हणजे किती? लिटरच्या मापाएवढा जमिनीचा दगड घेतला, तर तो सुमारे 2.7 किलो भरतो. तेवढाच समुद्रतळाचा दगड सुमारे 3 किलो भरतो. दोन्ही कवचांच्या खाली याहून जड असा तापलेला दगड आहे. तो लाखो वर्षांत हळूहळू सरकतो. त्याच्यावर ही कवचे तरंगतात.

पाण्यात हलका, जाड ओंडका टाका. तो वर डोके काढून तरंगतो. जड, पातळ फळी पाण्याबरोबरच राहते. तसेच इथे होते. जमीन उंच राहते. समुद्राचा तळ खोल राहतो आणि तिथे पाणी साचते.

समुद्राचा तळ मात्र खरोखर बुडतो. अरबी समुद्राचा तळ पाकिस्तान व इराणच्या मकरान किनाऱ्याखाली हळूहळू शिरत आहे. म्हणून मोठ्या समुद्रांचा तळ सहसा 20 कोटी वर्षांहून जुना सापडत नाही. जमीन हलकी, ती अशी खाली जात नाही. भारतात 300 कोटी वर्षांहून जुने दगड आहेत.

इथे कुणी विचारील, "आपल्या विहिरीत काळाच दगड लागतो की! मग आपण समुद्राच्या तळावर बसलोय काय?"

प्रश्न चांगला आहे. आपला काळा दगड समुद्रतळाच्या दगडाचा भाऊबंद आहे खरा. पण तो आला वेगळ्या वाटेने. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली. आतला वितळलेला दगड वर आला आणि जुन्या जमिनीवर पसरला. थरावर थर बसले. हे नुसते पांघरूण आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर खोल भोक पाडून पाहिले. 338 मीटर काळा दगड लागला. त्याच्याखाली जुन्या जमिनीचा फिकट दगड निघाला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे पांघरूण संपते. तिथे हा जुना दगड उघडाच दिसतो.

मग धक्के का बसतात? भारताची जमीन वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आणि हिमालयाला रेटते. त्या रेट्याने दगडांत ताण साठतो. जुन्या भेगांतून तो सुटला, की जमीन हादरते.

जमीन बुडत नाही, पण घर पडते. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर कोसळली. म्हणून माळवदावर मातीचे थर वाढवू नका. भिंत बांधताना आरपार जाणारे लांब दगड घाला. चारही भिंतींना बांधून ठेवणारा सळई-सिमेंटचा सलग पट्टा घाला. धक्का बसला तर भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी या.

पायाखालची जमीन भक्कम आहे. डोक्यावरचे छप्पर भक्कम करणे आपल्या हाती आहे.