बाबांसाठी ‘आर’

सकाळी साडेनऊ. आसनगावला कसारा लोकलमध्ये बसले की मांडीवर वह्या उघडते. खर्डी मागे पडली की डब्यात मोजकी माणसं उरतात आणि पुढचं स्टेशन उंबरमाळी. जुलै आहे. रुळांच्या दोन्ही बाजूंना खाचरांत वाकलेल्या बाया दिसतात. आवणी सुरू झाली, म्हणजे आज वर्ग अर्धा रिकामा असणार.

वह्या मी पेन्सिलीने तपासते. चुकलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारते, दुरुस्ती लिहीत नाही. ती मुलांनी शोधायची. मी शाळेत असताना माझी एक वही लाल शाईने इतकी भरून परत आली होती, की पुढचं वर्षभर मी इंग्रजीत तीन-तीन शब्दांचीच वाक्यं लिहिली. लहान वाक्यात चुका कमी होतात, एवढंच मी त्या लाल शाईतून शिकले.

पावणेअकरा. प्रार्थना, हजेरी. आठवीत अडतीसपैकी एकवीस.

अकरा. आठवीचा तास, निबंध ‘माझं घर’. एका वहीतली दोन वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहिते. पहिलं : ‘माय मदर इज वर्क इन फील्ड’. हे लगेच सुटतं. ‘आई काम करत आहे’ मधला ‘आहे’ तसाच उचलून आणलाय. आत्ता करते आहे तर ‘इज वर्किंग’, रोज करते तर ‘वर्क्स’.

दुसरं वाक्य : ‘माय फादर आर फार्मर’. इथे सगळा वर्ग गप्प. एकवचन-अनेकवचन आठवीच्या मुलांना येत नाही असं नाही. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, ‘इज’ आणि ‘आर’ ही मुलं कधीपासूनची घोकताहेत. मग आईला ‘इज’ आणि बाबांना ‘आर’, तेही एकाच वहीत, कशासाठी? मी म्हटलं, मराठीत म्हणा. ‘आई येते. बाबा येतात.’ मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मान दिलाय!”

मान दिलाय, खरंच. ही चूक निष्काळजीपणाची नाही, संस्कारांची आहे, आणि अशा चुकीवर नुसती फुली मारणं मला अन्यायाचं वाटतं. मी त्यांना सांगितलं, इंग्रजीतही एके काळी एकट्या माणसाला ‘दाऊ’ म्हणत आणि ‘यू’ हे अनेकवचन होतं. मोठ्या माणसाला मान म्हणून ‘यू’ म्हणायची रीत पडली, पुढे सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणू लागले आणि ‘दाऊ’ मागे पडला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी आपण ‘यू आर’ म्हणतो. तो ‘आर’ त्या जुन्या मानाचाच आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीने जरा विचार केला. “म्हणजे बाबांशी बोलताना आर, आणि बाबांबद्दल बोलताना इज?”

माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हा नियम इतका नेमका कुणी सांगितला नव्हता. तिचंच वाक्य फळ्यावर लिहिलं. फार्मरच्या आधी ‘अ’ घालायचा राहिलाच होता. तो घालून घेतला.

साडेबारा. नववी. इथे गेल्या आठवड्यापासून हंड्याची भाषा चाललीय. ‘आय डिड नॉट वेन्ट’ ही या वर्गाची कायमची चूक. मराठीत ‘गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’मध्येच राहतो, म्हणून मुलं ‘वेन्ट’ सोडायला तयार नसतात. मी सांगते, भूतकाळ म्हणजे भरलेला हंडा. तो ‘डिड’ने डोक्यावर घेतला, आता ‘गो’ने मोकळं चालायचं. उन्हाळ्यात पाण्यासाठी लांब चालणाऱ्या मुलींना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दीड. खिचडी. ताटं धुता धुता एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ट्रेन, शी इज लेट.” आपली गाडी ‘ती’, म्हणून ‘शी’. ‘इट’ म्हण म्हटल्यावर त्याला गाडीसाठी वाईट वाटलं.

तीन. दहावी. दिवसातला सगळ्यात अवघड तास. ‘आय लिव्ह हिअर सिन्स फिफ्टीन इयर्स.’ आपलं ‘पासून’ दोन कामं करतं : ‘जन्मापासून’ आणि ‘पंधरा वर्षांपासून’. इंग्रजीला दोन वेगळे शब्द लागतात. कधी सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ चाललं ते सांगायचं तर ‘फॉर’. उदाहरण आपल्याच तालुक्यातलं घेतलं. तानसा धरण १८९२चं. त्याचं पाणी मुंबईला जातंय सिन्स एटीन नाइन्टी टू, आणि फॉर मोअर दॅन अ हंड्रेड अँड थर्टी इयर्स. शब्द बसले, क्रियापद बसेना. मराठीत ‘मी इथे राहतो’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो, मग ‘हॅव लिव्ड’ कशाला? काल तिथे सुरू झालं आणि आज इथपर्यंत आलं, हे दोन्ही एकाच क्रियापदात धरायचं म्हणून, असं मी फळ्यावर रेघ ओढून दाखवलं. सहा-सात जणांना पटलं. बाकीच्यांसाठी वेगळी वाट शोधायला हवी. त्यांतले काही घरी कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठीसुद्धा त्यांना शाळेतच शिकावी लागली, तेव्हा मराठीवरून इंग्रजीकडे नेणारा माझा हा पूल त्यांच्या दारापर्यंत पोचत नाही. त्यांच्या बोलीत ‘पासून’ कसं म्हणतात ते उद्या त्यांनाच विचारणार आहे.

सव्वापाच. स्टेशनच्या वाटेवर पाऊस भुरभुरतोय. बांधाच्या पलीकडे खाचरात आईच्या शेजारी नववीतली मुलगी, आज गैरहजर. मला बघून तिने हातातली रोपांची जुडी वर केली आणि ओरडली, “मॅडम, आय डिड नॉट केम टुडे!”

मी काही बोलले नाही. फक्त डोक्यावर हात नेऊन हंडा धरल्यासारखं केलं.

ती चिखलात तशीच उभी राहिली. मग हसली. “डिड नॉट कम!” म्हणाली, आणि पुढचं रोप लावायला वाकली.