लांब पल्ल्याची मोटारसायकल आणि बैठकीची तजवीज

कर्वेनगरातून निघून वारज्याला महामार्ग धरावा आणि कोल्हापूरपर्यंतची सुमारे २३० किलोमीटरची मजल मारावी, असा बेत करणाऱ्याला खंबाटकीचा घाट चढेपर्यंत जी सीट गादीसारखी वाटते, तीच कराडच्या अलीकडे फळीसारखी टणक का होते, याचे कारण मऊ फोमच्या स्वभावातच आहे: तो भाराखाली पुरता दबतो आणि देहाचे सारे ओझे बैठकीच्या दोन हाडांवर एकवटते. म्हणून सीट नव्याने बांधून घेताना अधिक घनतेचा फोम आणि मागे रुंदावत जाणारी बैठक यांचा आग्रह धरावा; आवरण चढवण्यापूर्वी मी नुसत्या फोमवर अर्धा तास बसून राहिलो, तेव्हाच डाव्या मांडीखाली रुतणारी कड ध्यानात आली व कारागिराने ती तिथल्या तिथे तासून दिली.

मनगटे भरून येत असतील, तर रायझर घालून हँडल इंचभर उंच घेता येते. मात्र ते दोन्ही टोकांपर्यंत वळवून क्लचची केबल व ब्रेकची नळी ताणली जात नाही, वळवताना इंजिनचा वेग आपोआप वाढत नाही, याची खातरजमा केल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये.

चाकणच्या डॉमिनार ४०० ला बजाजने २०२१ मध्ये उंच काच, हातांची ढाल असा प्रवासी सरंजाम कारखान्यातूनच जोडून दिला, हे मला फार स्तुत्य वाटते. तथापि काचेच्या काठावरून उसळणारा वारा हेल्मेटवर आदळू लागला, तर बुटकी काचच बरी.

मागे माणूस आणि सामान असेल, तेव्हा मागच्या स्प्रिंगचा ताण व टायरमधील हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवण्यात हयगय करू नये. त्याला पैसाही लागत नाही.