करवत किती लाकूड खाते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्याच, पण आंबा, फणस, साग अशी कित्येक मोठी झाडेही मुळासकट उपटली गेली. पावसाळा तोंडावर होता. आंब्याचे ओले लाकूड तसेच पडून राहिले तर त्याला लवकरच बुरशी आणि कीड लागते. ज्याच्या फळ्या, चौकटी झाल्या असत्या असे पुष्कळ लाकूड जळणाच्या भावाने गेले.

ते वखारीत का नेले नाही? एक साधा हिशोब करू. ६० सेंमी व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका घ्या. त्याचे घनफळ सुमारे ०.८५ घनमीटर, म्हणजे ३० घनफूट भरते. ओल्या लाकडाची घनता जवळजवळ पाण्याइतकी धरली तर त्याचे वजन साडेआठशे किलोच्या आसपास होते. चिखलातून, वाडीच्या अरुंद वाटेने एवढा ओंडका रस्त्यावर आणणे हे फळ्या पाडण्यापेक्षा महागात पडते. मग ओंडका करवतीकडे नेण्याऐवजी करवतच ओंडक्याकडे का नेऊ नये?

हाच प्रश्न घेऊन काही बागायतदार आमच्याकडे आले. लाकडाच्या गुणधर्मांवर काम करणारा आमचा छोटा गट आहे. त्यांच्या हातात परदेशी कंपन्यांची माहितीपत्रके होती आणि विचारणा एकच होती : किती अश्वशक्तीचे यंत्र मागवावे? त्याचे उत्तर शोधताना आमच्या लक्षात आले, की सुरुवात यंत्रापासून नव्हे, तर ओंडक्यापासून आणि पात्यापासून करायला हवी.

कापाची रुंदी

वखारीतल्या उभ्या बँड सॉमध्ये पाते जागच्या जागी फिरते आणि ओंडका त्याच्यावर ढकलला जातो. फिरत्या बँड सॉ मिलमध्ये याच्या उलट असते. ओंडका जमिनीलगतच्या चौकटीवर घट्ट बांधतात आणि दोन चाकांवर ताणलेले आडवे पाते त्याच्यावरून रुळांवर सरकत जाते. अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेल्या वुड-मायझर या कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला. आज अनेक देशांत अशी यंत्रे बनतात.

या यंत्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अरुंद कापात आहे. ३०० मिमी जाडीच्या चौकोनी ठोकळ्यातून २५ मिमी जाडीच्या फळ्या पाडायच्या आहेत, असे समजा. कापाची रुंदी २ मिमी असेल तर ११ फळ्या निघतात : फळ्यांचे २७५ आणि दहा कापांचे २० असे २९५ मिमी. गोल करवतीचा काप ६ मिमी असेल तर ९ फळ्यांचे २२५ आणि आठ कापांचे ४८ मिळून २७३ मिमी होतात. उरलेल्या २७ मिमीमधून आणखी एक काप वजा केला की पूर्ण जाडीची फळी मिळत नाही. म्हणजे त्याच ठोकळ्यातून दोन फळ्या कमी!

शक्तीचा प्रश्नही येथेच सुटू लागतो. सेकंदाला जितक्या लाकडाचा भुसा करायचा, साधारण तितक्या प्रमाणात शक्ती लागते. भुशाचे घनफळ म्हणजे ओंडक्याची रुंदी, कापाची रुंदी आणि पाते पुढे सरकण्याचा वेग यांचा गुणाकार. काप तिप्पट रुंद असेल तर शक्तीही ढोबळमानाने तिप्पट लागेल. नुसता अश्वशक्तीचा आकडा त्यामुळे फारसे काही सांगत नाही.

‘हार्डवुड’ म्हणजे कठीण लाकूड?

एका माहितीपत्रकात ‘हार्डवुडसाठी योग्य’ असे ठळकपणे छापले होते. ते वाचून आम्हीही आधी निर्धास्त झालो. ही आमची चूक होती. ‘हार्डवुड’ हा शब्द वनस्पतिशास्त्राच्या अंगाने आलेला आहे. रुंद पानांच्या द्विदल वृक्षांचे लाकूड ते हार्डवुड आणि देवदार, चीड अशा सूचिपर्णी वृक्षांचे ते सॉफ्टवुड. या हिशोबाने काटेसावर, पांगारा आणि शेवगाही हार्डवुडच! वाळलेल्या काटेसावरीची घनता घनमीटरला सुमारे ३५० किलो, सागाची ६५०, तर ऐनाची ८५० किलोच्या आसपास असते. नारळ एकदल असल्यामुळे तो दोन्हींतही बसत नाही. त्याच्या खोडाचा बाहेरचा भाग टणक आणि आतला मऊ असतो.

शिवाय घनता म्हणजे सर्व काही नव्हे. साग ऐनापेक्षा हलका आहे, परंतु त्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, सूक्ष्म कण असतात. त्यामुळे साग कापताना साध्या पोलादी पात्याची धार लवकर जाते. तेथे स्टेलाइट किंवा कार्बाइड यांसारख्या कठीण द्रव्याची टोके बसवलेल्या दातांची पाती उपयोगी पडतात. म्हणून विक्रेत्याला ‘हार्डवुड चालेल का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. झाडांची नावे, त्यांची घनता आणि ओंडक्यांची रुंदी कळवून ‘यासाठी कोणते पाते?’ असे विचारावे.

दात, वेग आणि भुसा

पाते सेकंदाला २५ मीटर धावते आहे आणि त्याच्या दोन दातांमध्ये २२ मिमी अंतर आहे, असे धरू. म्हणजे दर सेकंदाला ११०० हून अधिक दात लाकडात शिरतात. यंत्र मिनिटाला १० मीटर पुढे सरकत असेल तर प्रत्येक दाताच्या वाट्याला सुमारे ०.१५ मिमी जाडीचा थर येतो. ओंडका ४०० मिमी रुंद असेल तर तो थर बाजूने मोजला असता ६० चौरस मिमी भरतो.

हा भुसा बाहेर पडेपर्यंत दोन दातांमधल्या खाचेत मावला पाहिजे. खाच ६ मिमी खोल धरली तर तिचे क्षेत्रफळ जेमतेम ६६ चौरस मिमी होते. आणि सुटा भुसा मूळच्या घन लाकडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो. खाच गच्च भरली की भुसा बाजूला घुसतो, पाते तापते आणि वर-खाली भरकटते. फळी लाटेसारखी निघते. यावर उपाय म्हणजे रुंद ओंडक्यात वेग कमी करणे. पण फार हळू सरकवले तर दात कापण्याऐवजी घासतात आणि बोथट होतात. कठीण लाकडासाठी दाताचा पुढे झुकलेला कोनही कमी लागतो. सर्वसाधारण कामाला १० अंश, तर फार टणक लाकडाला ४ ते ७ अंश.

पात्याचे वाकणे

‘लाकूड कठीण आहे ना, मग जाड पाते लावू,’ असे बागायतदारांपैकी एकाने सुचवले. हे वरवर पटण्यासारखे आहे. परंतु पाते चाकावरून जाताना वाकते आणि वाकण्यामुळे त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर ताण येतो. पोलादाचा यंग गुणांक गुणिले पात्याची जाडी, भागिले चाकाचा व्यास, एवढे साधे हे सूत्र आहे. ४८० मिमीच्या चाकावर १.१ मिमी जाडीच्या पात्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४६० न्यूटन ताण येतो. १.४ मिमीच्या पात्यात तोच ५८० च्या वर जातो. ४ मीटर लांबीचे पाते सेकंदाला सव्वासहा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकते. तासाला हे वाकणे ४५ हजार वेळा होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच दातांच्या तळाशी तडे जाऊन पाते तुटते.

जाड पात्याचा ताण पुन्हा ४६० वर आणायचा तर चाक सुमारे ६१० मिमीचे हवे. मग यंत्र मोठे, जड आणि महाग होते, काप रुंद होतो, आणि वाडीत नेण्याचा मूळ हेतूच बाजूला पडतो. निवड करायची ती या ओढाताणीतून.

मागवण्यापूर्वी

परदेशी मोटर ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली असेल तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ती पाच-षष्ठांश वेगानेच फिरते. पात्याचा वेग २५ वरून २१ मीटरपर्यंत घसरतो. म्हणून ही गोष्ट लेखी विचारून घ्यावी. लाकूडकामाची यंत्रे सीमाशुल्काच्या ८४६५ या शीर्षकाखाली येतात, तर करवतीची पाती ८२०२ खाली. आयातदाराकडे आयात-निर्यात संकेतांक असावा लागतो. यंत्राची किंमत, जहाजभाडे आणि विमा यांच्या बेरजेवर शुल्क बसते आणि शुल्कासह होणाऱ्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागतो. दर बदलत असल्याने त्या वेळचे दर पाहूनच हिशोब मांडावा. यंत्राच्या लाकडी खोक्यावरही प्रक्रियेचा शिक्का हवा. किडी मरण्यासाठी ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटे तापवलेले असावे लागते.

मात्र सर्वांत आधीची पायरी वेगळीच आहे. आपल्या देशात आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने वनक्षेत्रात कोणतीही आरागिरणी चालवणे हे वनेतर काम ठरवले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकूड-उद्योगांसाठी २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. यंत्राला चाके आहेत म्हणून कायद्यातून सुटका झाली, असे गृहीत धरू नये. आम्ही बागायतदारांना सांगितले, की वनखात्याचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत एक रुपयाही परदेशी पाठवू नका. काहींना हे रुचले नाही. पण बंदरात अडकलेले यंत्र जळणाच्या भावानेही जात नाही.

त्यांनी अर्ज केला. उत्तराची वाट पाहताना आम्ही मिळून एक यादी केली : झाडांच्या जाती, ओंडक्यांची रुंदी, प्रत्येकासाठी कोणती पाती, वर्षाला किती, आणि धार कोण लावणार. यंत्र एकदाच विकत घ्यायचे असते. पाती मात्र कायम घ्यावी लागतात. या यादीनंतर मूळ माहितीपत्रकांपैकी सर्वांत मोठे, सर्वांत जास्त अश्वशक्तीचे यंत्र आपोआप बाद झाले.

शाळेतही यातले काही करून पाहता येईल. गावच्या सुताराकडून चार-पाच जातींच्या वाळलेल्या लाकडांचे तुकडे आणा. मोजमाप आणि वजन घेऊन त्यांची घनता काढा. मग एकच तुकडा सुताराच्या करवतीने आणि लोखंड कापायच्या हॅकसॉने कापा, दोन्हींचा भुसा वेगवेगळा जमवून तोला. कोणती करवत किती लाकूड खाते, हे विद्यार्थ्यांना तराजूवरच दिसेल.