पुन्हा भेटीचे वचन

युद्धकाळात केवळ रणगीतेच लोकप्रिय होतात, असा आपला समज असतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या ओठी मात्र एक साधे निरोपाचे गीत बसले. रॉस पार्कर व ह्यूई चार्ल्स यांचे ‘वुईल मीट अगेन’ हे गीत १९३९ साली व्हेरा लिन यांनी गायिले. पुन्हा भेट होईल, एवढाच त्याचा आशय. भेटीचे स्थळ नाही, काळ नाही; म्हणूनच ताटातूट झालेल्या कोणालाही ते आपले वाटले. अशा हळव्या गाण्यांनी जवानांचे मन कमकुवत होईल, अशी टीकाही झाली. परंतु १९४४ मध्ये व्हेरा लिन थेट ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन गायिल्या.

ज्यांची भेट झालीच नाही, त्यांचे काय? हा प्रश्न विचारला एका रॉक गीताने. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ‘द वॉल’ हा ध्वनिमुद्रिका-संच १९७९ साली निघाला. त्यात ‘व्हेरा’ नावाचे जेमतेम दीड मिनिटाचे गीत आहे. गीतकार रॉजर वॉटर्स यांचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा रॉजर अवघे पाच महिन्यांचे होते. याच इटलीच्या मोहिमेत, त्या वर्षीच्या जुलैत, आपल्या कोकणातील यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

वॉटर्स त्या गायिकेला नावानिशी आठवतात आणि तिने दिलेल्या वचनाचे पुढे काय झाले, असे विचारतात. रॉकचा नेहमीचा गदारोळ येथे नाही. गिटारीचे मंद स्वर आणि पाठीमागे वाद्यमेळ, एवढेच. लगेच पुढचे गीत येते ते ढोल-ताशांच्या लष्करी थाटात, मुलांना घरी परत आणण्याची मागणी करीत.

हे जुन्या गीताचे विडंबन आहे काय? आम्हास तसे वाटत नाही. विडंबनकार हसतो, येथे एक पोरका मुलगा थकलेले देणे मागतो आहे. किंबहुना त्या वचनावर त्याचाही विश्वास होता, म्हणूनच त्याचा प्रश्न बोचतो. व्हेरा लिन २०२० साली, १०३ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या गीताने वाट पाहणाऱ्यांना धीर दिला. वॉटर्स यांच्या गीताने, ज्यांची वाट पाहणे कधी संपलेच नाही, त्यांना वाचा दिली. म्हणून ही दोन्ही गीते एकापाठोपाठ ऐकावीत.