पिकअप मोटारीची निगा व तिच्यांतील फेरफार

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं हल्लीं पिकअप मोटार असते. शेतांतील कांदा व भाजीपाला बाजारीं पोंचविण्याचें काम तीच करते. घरचा व्यवहार तिच्यावर चालत असल्यानें मालकाचा तिच्यावर भरंवसा मोठा. परंतु हा भरंवसा कधीं कधीं फाजील होतो. म्हणून तिची निगा कशी राखावी व तिच्यांत कोणते फेरफार करूं नयेत, याविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल टोयोटा हायलक्स ही मोटार घेऊं. ही १९६८ सालीं जपानांत निघाली व २०२२ पासून भारतांत विकली जाऊं लागली. तिचा सांगाडा शिडीसारखा असून मागील आंसावर पोलादी पाट्यांच्या कमानी आहेत. पुढें डिस्क ब्रेक व मागें ड्रम ब्रेक आहेत. आपल्याकडील बहुतेक पिकअप मोटारींची घडण थोडीबहुत अशीच असते.

आमच्या एका आप्तांनीं आपल्या मोटारीच्या मागील कमानींत जादा पाटे घालून घेतले. गाडी मागें बसेनाशी झाली, तेव्हां त्यांनीं दीडपट माल भरला. घाट उतरतांना ब्रेकचें पेडल एकाएकीं तळाशीं गेलें. त्यांनीं प्रसंगावधान राखून गिअर खालीं आणला व गाडी डोंगराच्या बाजूस घातली, म्हणून प्राण वांचले. परंतु शेजारीं बसलेल्या मुलाचा हात मोडला.

असें कां झालें? गणितानें पाहूं. तीन हजार किलोग्रॅम वजनाची गाडी ३०० मीटर खालीं उतरली, तर त्यांतून निघणाऱ्या उष्णतेनें ३० अंशांवरचें सुमारें ३० लिटर पाणी उकळीस येईल! चालकानें केवळ ब्रेकच दाबून धरला, तर यांतील बहुतेक उष्णता ब्रेकांत सांठते. शिवाय ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरल्यावर मात्र ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, पायाच्या दाबानें ती वाफच आकुंचन पावते, आणि जोर चाकांपर्यंत पोंचत नाहीं. जादा पाट्यांनीं हौदा उचलून धरला खरा. पण ब्रेक, टायर व आंस यांची शक्ति होती तेवढीच राहिली.

मोठ्या चाकांची हौसही अशीच. चाकाचा व्यास शेंकडा ५ नें वाढला, तर कांटा ताशीं ६० किलोमीटर दाखवितो तेव्हां गाडी ६३ नें धांवत असते, आणि तिची ओढण्याची शक्ति सुमारें विसाव्या हिश्शानें घटते.

निगेच्या गोष्टी साध्या आहेत. इंजिन ऑईल पुस्तिकेंत सांगितलेल्या वेळीं बदलावें. ब्रेकचें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें. टायरांतील हवा सकाळीं, गाडी धांवण्यापूर्वीं, मोजावी. रिकाम्या व भरलेल्या गाडीस मागील टायरांची हवा बहुधा निराळी लागते. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर वरचेवर पाहावा, व डिझेल फिल्टरखालीं सांठलेलें पाणी सोडून द्यावें. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरांनीं नट पुन्हां आंवळावे. कोंकणकिनाऱ्यावर खाऱ्या हवेनें सांगाडा गंजतो, म्हणून तो खालूनही धुवावा. घाट उतरतांना आरंभींच खालचा गिअर घालावा.

हौद्यास रबरी अस्तर, माल बांधण्याच्या कड्या, ताडपत्री एवढे फेरफार उपयुक्त व निर्धोक होत. पण मोटारीची मूळ नोंद बदलेल असे फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मना करतें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच दंडक सांगितला. पुढें बसविण्याच्या लोखंडी गजांविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस लिहिलें; ते गज पादचाऱ्यास घातक तर आहेतच, शिवाय एअरबॅगच्या कामींही अडथळा आणूं शकतात.

विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत गाडीची पुस्तिका काढून तींतील ठरलेला भार वडिलांस वाचून दाखवावा. गाडींत नवें काय बसवावें हें ठरविण्यापूर्वीं, जुनें धड आहे कीं नाहीं हें पाहणें अधिक शहाणपणाचें होय.