वजन बेताचं, तरीही पीसीओएस
(जनुकांचा माग : भाग ६)

पनवेल स्टेशनजवळच्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे संध्याकाळी गेलं, की पाळी लांबलेल्या कॉलेजच्या मुली आणि सोबत त्यांच्या आया बसलेल्या दिसतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओडी’, म्हणजेच पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), लिहिलेलं असतं. मुलगी जाड असेल, तर ‘आधी वजन कमी कर’ हे ठरलेलं. ती शिडशिडीत असेल, तर मात्र ‘लग्न झालं की होईल सुरळीत’ म्हणून विषय मिटवला जातो. हे त्या मुलीवर अन्याय करणारं आहे.

अशा शिडशिडीत मुलींचा विचार करणारं संशोधन फार लांब नाही : पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथून धीम्या लोकलने परळ. तिथल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत (आता नावात बाल आरोग्यही आलं आहे) डॉ. श्राबणी मुखर्जी यांनी पीसीओएसच्या जनुकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ साली सात रुग्णांवरून हा आजार मांडला, तेव्हा सगळं लक्ष बीजांडकोशावर होतं. इन्शुलिनचा धागा १९८० साली हाती आला. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. वाढलेलं इन्शुलिन बीजांडकोशाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि बीज पिकणं अडतं.

म्हणूनच डॉ. मुखर्जी यांनी डॉ. अनुरूपा मैत्रा आणि इतर सहकाऱ्यांसह इन्शुलिन रिसेप्टरचं (पेशीवर इन्शुलिन पकडणाऱ्या प्रथिनाचं) जनुक तपासायला घेतलं. त्याच्या सतराव्या एक्झॉनमध्ये (प्रथिनाची कृती लिहिलेल्या तुकड्यात) एका जागी डीएनएचं अक्षर कुणाकडे ‘सी’ असतं, कुणाकडे ‘टी’. नवल असं, की या फरकाने प्रथिन बदलत नाही. त्यातल्या १०५८व्या जागी हिस्टिडिन हेच अमिनो आम्ल राहतं. तरीही २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, सडपातळ भारतीय स्त्रियांमध्ये या बदलाचा पीसीओएसशी, इन्शुलिनला दाद न देण्याशी आणि वाढलेल्या पुरुषी संप्रेरकांशी संबंध दिसला. लठ्ठ रुग्णांमध्ये तो दिसला नाही. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि एका अक्षराने आजार ठरतही नाही. पण बारीक मुलीचा पीसीओएस हा खरा, रक्तात मोजता येणारा आजार आहे, हे त्यातून ठळक झालं.

अशा मुली मोजक्याच असतील, असं वाटू शकतं. डॉ. बीना जोशी यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या ७७८ मुलींची पाहणी झाली, ती करणाऱ्यांत डॉ. मुखर्जीही होत्या. २०१४ साली तिचे आकडे आले. रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला. पुरुषी संप्रेरकांची वाढ सक्तीची मानणाऱ्या निकषांनी १०.७ टक्के. निकष बदलला की आकडा निम्म्यावर येतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. निदान झालेल्यांपैकी ७१.८ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या.

पुढे डॉ. मुखर्जी यांच्या प्रयोगशाळेने डीएनएच्या अक्षरांवरच्या रासायनिक खुणांकडे मोर्चा वळवला. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीज बाहेर काढताना त्याभोवतीच्या पेशीही मिळतात. पूजा सागवेकर आणि डॉ. मुखर्जी यांच्या २०१७ च्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या या पेशींत आणि रक्तातही, ‘लाइन-१’ या डीएनएच्या तुकड्यांवर मिथाइलच्या खुणा कमी आढळल्या. अक्षरं तीच, खुणा वेगळ्या.

आता पुन्हा दवाखान्याकडे. २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की पीसीओएसचं निदान झालं की वय आणि वजन न बघता साखरेची तपासणी करावी. शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेणारी. पनवेलमधल्या आयांनी डॉक्टरांकडे ती मागून घ्यावी, मुलगी कितीही बारीक असली तरी.

(पुढच्या आठवड्यात : वाय गुणसूत्र आणि पुरुषांमधलं वंध्यत्व)